पेन्शन की फंड? निवड वाचायची कशी

जुन्या कागदपत्रांत कुणी ‘चुकीचा’ पर्याय निवडलेला दिसला, तर इतिहास लिहिताना आपण त्याला चूक म्हणायचं का?

रेल्वेचं उदाहरण घ्या. 1957 पर्यंत बहुतेक रेल्वे कर्मचाऱ्यांच्या म्हातारपणाचा आधार म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. पगारातून कापलेली रक्कम, रेल्वेची भर आणि व्याज, सगळं निवृत्तीला एकरकमी हातात. 1957 मध्ये पेन्शन योजना आली आणि नोकरीत असलेल्यांना विचारलं गेलं, फंडात राहता की पेन्शन घेता? पुढच्या तीस वर्षांत हा पर्याय पुन्हा पुन्हा खुला झाला, तरी अनेकजण फंडातच राहिले.

माझ्या पहिल्या टिपणात मी ‘अज्ञानामुळे’ असं बिनधास्त लिहून टाकलं होतं. मार्गदर्शकांनी त्या शब्दाला लाल गोल केला आणि विचारलं, “पुरावा?” पुरावा नव्हताच.

मग तारखा लावून बघितल्या. केंद्राची कुटुंब निवृत्तिवेतन योजना 1964 ची. पेन्शनवर महागाई निर्देशांकानुसार वाढ मिळू लागली ती तिसऱ्या वेतन आयोगानंतर, म्हणजे 1973 नंतर. आता 1957 च्या माणसाच्या जागी बसून बघा. समोर एक न वाढणारी मासिक रक्कम आहे; दुसरीकडे घर बांधता येईल, मुलीचं लग्न उरकता येईल असे रोख पैसे. फंड निवडणं काही वेडेपणा नव्हता. पुढे भाववाढ झाली, पेन्शन सुधारत गेली, आणि तीच निवड महागात पडली.

फंड घेऊन निवृत्त झालेल्यांनी पुन्हा पर्याय मागितला. कृष्णेन कुमार खटल्यात 1990 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो नाकारला. फंडवाले आणि पेन्शनवाले हे दोन वेगळे वर्ग; फंडाची रक्कम दिली की त्या नात्याने सरकारचं देणं संपतं, पेन्शनचं मात्र निवृत्तीनंतर सुरू होतं, असा त्यामागचा तर्क.

आणखी एक गंमत. 1987 च्या आदेशात, मुदतीत काही न कळवणारा फंडधारक पेन्शनमध्ये आला असं धरायचं ठरलं. म्हणजे त्या वर्षाच्या पेन्शनवाल्यांच्या आकड्यात गप्प बसलेलेही आहेत. सगळ्यांनी विचारपूर्वक पेन्शन ‘निवडली’ असं लिहिलंत तर फसाल.

म्हणून अशा नोंदी हाताळताना तीन गोष्टी तपासा : त्या दिवशी माणसाला काय माहीत होतं, गप्प बसण्याचा अर्थ कुणी ठरवला, आणि परतीची वाट होती का. एप्रिल 2025 पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांपुढे एनपीएस की यूपीएस हा प्रश्न आला. त्यांचे फॉर्म उद्या कुणीतरी वाचेल, तेव्हाही हेच विचारावं लागेल.