बाई, शाळेचं घड्याळ पुढे आहे!

सातवीला रेखावृत्तं शिकवायची म्हटलं की मी पृथ्वीगोल कपाटातच ठेवायचे आणि मुलांना गच्चीवर न्यायचे. एक काठी ओळंब्याने सरळ उभी करायची आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण. सूर्य डोक्यावर आला की सावली सगळ्यात आखूड, म्हणजे बाराला. मुलांना याची खात्री असायची. बारा वाजायचे, सव्वाबारा व्हायचे, सावली आपली आखडतेच आहे! नोव्हेंबरात ती साधारण बारा तेवीसला थांबायची, फेब्रुवारीत चक्क बारा त्रेपन्नला. मग कुणीतरी ओरडायचंच, ‘बाई, शाळेचं घड्याळ पुढे आहे!’

हीच तक्रार १९०६ साली अख्ख्या मुंबईची होती.

गणित चौथीतलं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेला सुमारे ७२ अंश ५० मिनिटांवर. चाराने गुणा, चार तास एक्कावन्न मिनिटं येतात. हा ‘बॉम्बे टाइम’. कलकत्ता आपल्या सूर्याने चालायचं, मद्रास आपल्या. आगगाडी आणि तारायंत्र येईपर्यंत यात कुणाचं काही अडलं नाही. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ धरली, कारण तिथे वेधशाळा होती आणि ते शहर मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मधोमध पडत होतं. मुंबईकराला गाडी पकडायची तर मनात अर्धा तास मिळवायचा. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी हीच मद्रास वेळ मुंबईवर लादून पाहिली. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवायची इथपर्यंत वाद गेला आणि हुकूम मागे घ्यावा लागला.

रेखावृत्तांचं शून्य कुठे मानायचं, हे निसर्ग सांगत नाही. आपल्या ज्योतिषांनी ते उज्जैनीवर धरलं होतं. १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला २५ देश जमले, त्यांतल्या २२ देशांनी ग्रिनिचला मत दिलं. फ्रान्स तटस्थ राहिला. पॅरिसचं रेखावृत्त सोडवेना, दुसरं काय!

मग १ जानेवारी १९०६ पासून सरकारने हिंदुस्थानासाठी साडेब्याऐंशी अंशांची वेळ धरली. साडेब्याऐंशी गुणिले चार, ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. मुंबईची घड्याळं एकदम ३९ मिनिटं पुढे गेली. साल नीट पाहा. वंगभंगाला अडीच महिने झाले होते. अशा वेळी सरकारने दुपारचे बारासुद्धा कधी वाजायचे ते ठरवावं, हे लोकांना खपणारं नव्हतं. पण मला सभा-ठरावांपेक्षा गिरणी कामगार जास्त आठवतात. त्याच जानेवारीत घड्याळ पुढे केलं म्हणून एका गिरणीतल्या कामगारांनी काम बंद केलं. भोंगा ३९ मिनिटं आधी वाजला तर अंधारातून कुणी उठायचं? चाळीतल्या बाईने चूल कधी पेटवायची? अंशाला चार मिनिटं हे कोष्टक त्यांनी पाठ केलं नव्हतं, त्यांच्या झोपेतून ते वजा झालं होतं.

म्युनिसिपालटीने त्याच वर्षी पुन्हा बॉम्बे टाइम धरला आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षं तो सोडला नाही. एका शहरात दोन वेळा! माझ्या आजीची लग्नपत्रिका आईच्या पेटीत होती. तिच्यावर मुहूर्ताच्या पुढे बारीक अक्षरात छापलं होतं, ‘स्टँ. टा.’, म्हणजे स्टँडर्ड टाइम. नाहीतर निम्मं वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर पोचलं असतं.

पाठ्यपुस्तकात यातलं एक वाक्य असतं: भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरून ठरते. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत एक गुण मिळवतात. मिर्झापूर कुठे, हे विचारलं की माना खाली.

१५-१६ मेच्या सुमाराला मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळेला तेव्हा सुट्टी, म्हणून मला वर्गाला हे कधी दाखवता आलं नाही. तुम्ही घरच्या मुलांना गच्चीवर न्या. ऊन मरणाचं असेल, टोप्या घाला. आणि बाराला जाऊ नका, साडेबाराला जा. सावली बारा पस्तीसला जाते.