शनिवार, हिब्रू आणि आपली मराठी

कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, हे आपल्यापैकी वडील मंडळींना सांगायला नको. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनवार तेली. ह्याच शनिवारने कॅनडात आपल्या मराठीची वाट कशी अडवली, ते येथे थोडक्यात नमूद करतो.

हिब्रू शिकण्याआधी आपले सण मराठीतच होते. हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांच्या इतिहासात (लेखन १८९७, प्रकाशन तेल अवीव १९३७) त्यांची नावे आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दारे बंद करून पाळायचा दारफाळणीचा सण, अनशी धाकाचा सण, वालाच्या बिरड्यावरून नाव पडलेला बिरड्याचा रोजा. आज आपली नातवंडे योम किप्पूर म्हणतात, दारफाळणी म्हटले तर तोंडाकडे बघतात.

पुढे हिब्रूही आली ती मराठीचे बोट धरून. डॉ. जॉन विल्सन ह्यांचे हिब्रूचे मराठी व्याकरण १८३२ चे. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हाग्गादा शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ ची पुण्याची हाग्गादा तर सचित्र. तिच्यातल्या बायका लुगड्यात आहेत. जोसेफ एजकिएल राजपूरकरांनी (१८३४–१९०५) प्रार्थनापुस्तके मराठीत आणली, आणि मोशे, योसेफ ह्यांच्या कथा कीर्तनातून घरोघरी गेल्या. तेव्हा हिब्रू धर्माची आणि मराठी नुसती स्वयंपाकघरातली, असे जे आपल्यातले काहीजण म्हणतात ते मला पटत नाही.

आता कॅनडा. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान त्रूदो ह्यांनी बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केले. राजभाषा दोनच, पण संस्कृती सगळ्यांच्या. १९७७ मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने वारसा भाषांचे वर्ग सुरू केले : पंचवीस मुलांच्या पालकांनी मागणी करावी, शाळा मंडळाने आठवड्याला अडीच तास शिकवावे. त्याच वर्षी युरोपियन आर्थिक समुदायानेही स्थलांतरित कामगारांच्या मुलांना मातृभाषा शिकवण्याविषयी निर्देश काढला. मात्र १९९२ च्या युरोपीय भाषा सनदेने वेल्श, बास्क अशा तिथल्या जुन्या भाषांना आधार देताना स्थलांतरितांच्या भाषा स्पष्ट शब्दांत वगळल्या. त्या मानाने कॅनडाचा हात सढळच म्हणायचा.

पण पंचवीस मुले आणायची कुठून? आपली कुटुंबे टोरोंटोभर विखुरलेली. इतर महाराष्ट्रीय मुलांबरोबर बसवावे, तर असे वर्ग बहुधा शनिवारी सकाळी. शब्बाथ मोडून अ, आ, ई गिरवायला मुलांना कोण पाठवणार? रविवार मोकळा, तो हिब्रू शाळेचा. बार मित्स्वा समोर असताना आईबापांनी हिब्रू निवडली, त्यांना दोष कसा द्यावा? घरी इंग्रजी, शाळेत फ्रेंच, सिनेगॉगमध्ये हिब्रू; चौथ्या भाषेला आठवड्यात वारच उरला नाही.

इस्राएलात आपल्या लोकांनी ‘मायबोली’ त्रैमासिक काढले. इथे आपली संख्या तेवढी नाही. परंतु आता वर्ग संगणकावरही भरतात, कोणत्याही वारी. शिकवायला पुस्तक हवे तर मराठी तर्जुम्याची हाग्गादा पुष्कळ घरांत पेटीच्या तळाशी असेल. मेंदीची गाणी मात्र कुठल्याच पुस्तकात सगळी मिळायची नाहीत. ज्या आजींना ती पाठ आहेत त्यांच्याकडून ह्या पेसाखच्या आत उतरवून घ्यावीत. लिहिणारा नातू रोमन लिपीत लिहीत असेल तरी चालेल.