‘प्रवेशाचा हक्क राखीव’ : दुचाकीस्वारांचा पेहराव आणि कायदा

पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे आणि नाशिकच्या दुचाकीस्वारांचे गट पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या घाटरस्त्यांकडे वळतात. दाभोसा धबधबा, मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ ही त्यांची आवडती ठिकाणे. जाड जाकीट, त्यावर क्लबचे बोधचिन्ह आणि हातात हेल्मेट हा त्यांचा पेहराव. अशा पाहुण्याला एखादे हॉटेल किंवा दुकान केवळ पेहरावावरून दाराबाहेर ठेवू शकते काय? ‘प्रवेशाचा हक्क राखीव’ अशी पाटी अनेक उपाहारगृहांत आढळते. कायद्यापुढे ती कितपत टिकते, हे व्यावसायिक आणि ग्राहक या दोघांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.

राज्यघटनेतील पाच कारणे

राज्यघटनेच्या कलम १५ (२) नुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे येथे कोणालाही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही. बहुतेक मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागितले जातात; हे कलम मात्र खासगी व्यावसायिकालाही थेट बांधते. त्यामागे महाराष्ट्राचाच इतिहास आहे. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो हक्क प्रत्यक्ष बजावला. ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात स्पष्ट केले.

या पाच कारणांत पेहराव नाही. त्यामुळे क्लबचे जाकीट काढून ठेवण्यास सांगणारा हॉटेलचालक केवळ तेवढ्यावरून कलम १५ चा भंग करतो, असे म्हणता येत नाही. पेहराव हा अभिव्यक्तीचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ‘नालसा’ निकालात मान्य केले. परंतु तो वाद शासनाच्या वागणुकीबाबत होता. कलम १९ व २१ खालील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतील, असे घटनापीठाने २०२३ मध्ये बहुमताने म्हटले असले, तरी त्या प्रकरणाचा विषय पेहरावाच्या नियमांचा नव्हता.

देशातील आणि परदेशातील दाखले

पेहरावावरून प्रवेश नाकारण्याचे प्रकार भारतात नवे नाहीत. अनवाणी वावरणारे चित्रकार एम. एफ. हुसेन यांना मुंबईच्या विलिंग्डन क्लबने १९८८ मध्ये प्रवेश नाकारला होता. जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंतामन यांना धोतरामुळे चेन्नईतील क्रिकेट संघटनेच्या क्लबबाहेर थांबावे लागले. त्यानंतर महिन्याभरातच तमिळनाडू विधानसभेने पारंपरिक पोशाखावरून प्रवेश नाकारण्यास बंदी घालणारा कायदा केला. त्यात एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि हा कायदा त्या राज्यापुरता आहे आणि त्याचे संरक्षण पारंपरिक पोशाखाला आहे, क्लबच्या जाकिटाला नाही. जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूतील एका मॉलने धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला अडवले, तेव्हा कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला.

मोटारसायकल क्लबच्या चिन्हांवरून प्रत्यक्ष खटले झाले ते अमेरिकेत. कॅलिफोर्नियातील एका बारने क्लबची चिन्हे काढल्याशिवाय प्रवेश देण्यास नकार दिला. प्रतिस्पर्धी क्लबांमधील मारामाऱ्या टाळणे हे कारण रास्त असल्याचे सांगून तेथील अपील न्यायालयाने २००१ मध्ये बारच्या बाजूने निकाल दिला. गिलरॉय येथील लसूण महोत्सवातून २००० साली बाहेर काढलेल्या दुचाकीस्वारांचा दावाही २००८ मध्ये फेटाळला गेला; आयोजक संस्था शासनाचा भाग नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. याउलट, केवळ क्लबच्या चिन्हांवरून पोलिसांनी दुचाकीस्वारांना लक्ष्य करू नये, यासाठी वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये कायदा केला. पोलिसांना जे वर्ज्य, ते व्यावसायिकाला मात्र रास्त कारण असल्यास करता येते, असा हा भेद आहे.

रास्त नियम कोणता?

हेल्मेटचे उदाहरण बोलके आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार रस्त्यावर ते सक्तीचे आहे. पण एटीएम किंवा सराफी पेढीत चेहरा दिसावा म्हणून ते काढण्यास सांगणे रास्त ठरते. नियमाला हेतू आहे, तो सर्वांना सारखा लागू आहे आणि पाळणाऱ्याला आत जाता येते. जाकिटावरील बंदीलाही हीच कसोटी लावावी. हॉटेलात पूर्वी भांडणे झाली असतील तर नियम समजण्याजोगा आहे. ‘बाइकवाले’ म्हणून सरसकट दार बंद करणे मात्र अन्यायाचेच. सायलेन्सरच्या गोंगाटाची तक्रार असेल तर त्यासाठी पोलीस आहेत. तिचा राग कपड्यांवर काढण्याचे कारण नाही.

आगाऊ पैसे घेऊन खोली नोंदवल्यानंतर, आधी न सांगितलेल्या नियमावर बोट ठेवून प्रवेश नाकारला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अशा वेळी पाटीचे छायाचित्र आणि नोंदणीची पावती जपून ठेवावी.

जव्हार-मोखाड्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात आणि येथे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी समाजांची वस्ती मोठी आहे. शहरातला दुचाकीस्वार जाकीट काढून आत जाऊ शकतो. गरिबीची किंवा जमातीची खूण कपड्यांतच दिसणाऱ्या माणसाला ती सोय नसते. पेहरावाचे निमित्त करून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला त्या ओळखीमुळे दुकानात किंवा सार्वजनिक ठिकाणी अडवले, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ अन्वये तो गुन्हा ठरू शकतो. पेहरावाची पाटी लावणाऱ्याने म्हणूनच दोनदा विचार करावा. ती दुचाकीस्वारांसाठी लावलेली असली, तरी तिचा पहिला फटका त्याच गावातल्या माणसाला बसण्याचा धोका असतो.