शत्रूचा शत्रू, पण कुणाच्या नावावर?

निवडणुका जवळ आल्या की ‘शत्रूचा शत्रू तो आपला मित्र’ हे वाक्य चाणक्याच्या नावावर हमखास ऐकू येतं. माझी सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे असं काही कानावर पडलं की मी आधी विचारतो, ‘कुठल्या अधिकरणात?’ यावर कुणी बोलत नाही, कारण चाणक्याच्या अर्थशास्त्रात हे वाक्य या रूपात नाहीच.

मुळात तो ग्रंथच विसाव्या शतकापर्यंत विस्मृतीत गेला होता. तंजावर भागातल्या एका पंडिताने त्याची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिली आणि १९०९ मध्ये शामशास्त्रींनी ती छापली. इंग्रजीत मात्र हे वाक्य १८८४ मध्येच छापलेलं सापडतं. तेव्हा ते अर्थशास्त्र वाचून कुणी उचललं असण्याचा प्रश्नच नव्हता.

अरबांचा दावा जास्त वजनदार आहे. ‘नहज अल-बलागा’ या संग्रहात हजरत अलींच्या नावावर एक वचन आहे. मित्र तीन प्रकारचे असतात, असं ते सांगतं: आपला मित्र, मित्राचा मित्र आणि शत्रूचा शत्रू. पण अलींचा मृत्यू ६६१ चा, आणि शरीफ रझींनी हा संग्रह केला तो त्यानंतर जवळपास साडेतीनशे वर्षांनी. म्हणजे वचन जुनं हे नक्की. ते अलींचंच, हे श्रद्धेने मानायचं.

मग चाणक्याचं नाव येतं कुठून? अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणातल्या राजमंडलातून, म्हणजे राजांच्या वर्तुळातून. मी ते फळ्यावर वर्तुळं काढून शिकवायचो. मध्ये विजिगीषू, म्हणजे जिंकू पाहणारा राजा, त्याला लागून अरी, म्हणजे शत्रू, अरीच्या पलीकडे मित्र, त्याच्या पलीकडे अरिमित्र. पाठीमागे टपून बसलेला पार्ष्णिग्राह आणि त्याच्याही मागे आपला आक्रंद, म्हणजे पाठीमागचा मित्र. यात स्नेहाचा संबंध नाही. ज्याची हद्द आपल्याला लागते तो शत्रू आणि ज्याची हद्द त्या शत्रूला लागते तो मित्र, इतका रोखठोक हिशेब. मधला शत्रू हटला, की मित्राची हद्द आपल्याला येऊन भिडते. वाक्य मिरवणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला, गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुतुबशहाला भेटले. दोघांच्या मध्ये विजापूरची आदिलशाही होती. कुतुबशहाने पैसा आणि तोफखाना दिला, महाराज कर्नाटकात उतरले आणि आदिलशाही सरदाराकडून जिंजीचा किल्ला घेतला. आता मराठ्यांची हद्द थेट कुतुबशाही कर्नाटकाला भिडली. जिंजी काही कुतुबशहाला मिळाली नाही आणि दोस्ती थंडावली. पुढे राजाराम महाराज रायगड सोडून निघाले, तेव्हा त्यांना आसरा मिळाला तो याच जिंजीत. १६९८ पर्यंत ती मोगलांपुढे उभी राहिली. मित्राचं मन राखायला महाराजांनी ती देऊन टाकली असती, तर राजाराम महाराज कुठे गेले असते?