सांस्कृतिक असंवेदनशीलता आणि वंशवाद : पुण्यातील प्लेग-प्रतिबंधक मोहिमेचा (१८९७) एक अभ्यास

प्रास्ताविक

सांस्कृतिक असंवेदनशीलता आणि वंशवाद या दोन संज्ञा कधी समानार्थी म्हणून वापरल्या जातात, तर कधी त्यांचा परस्परांशी काहीच संबंध नाही असे मानले जाते. दुसऱ्या समाजाच्या चालीरीती, श्रद्धा व लज्जेच्या कल्पना यांची दखल न घेता वागणे ही असंवेदनशीलता होय. एखाद्या मानवसमूहास जन्मतःच कनिष्ठ लेखून त्यानुसार सत्ता राबविणे हा वंशवाद होय. पहिलीचे मूळ अज्ञानात असते आणि ज्ञानाने ती दूर होते, असा सर्वसाधारण समज आहे. पुण्यातील प्लेगच्या मोहिमेच्या आधारे हा समज तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोहिमेचे स्वरूप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला व काही महिन्यांतच तो पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत होऊन सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. सातारा येथे असिस्टंट कलेक्टर असलेल्या वॉल्टर चार्ल्स रँड यांची पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. १३ मार्च ते १९ मे या काळात लष्कराच्या साहाय्याने घरांची झडती घेण्यात आली. रोग्यांना रुग्णालयात व त्यांच्या सहवासातील माणसांना विलगीकरण छावणीत नेण्यात येई. घरातील जमीन उकरणे, सामान जाळणे, भिंतींना चुना देणे हेही उपाय योजले गेले. प्लेगच्या प्रसारातील उंदरावरील पिसवांची भूमिका पॉल-लुई सिमाँ यांनी मांडली ती १८९८ मध्ये. तेव्हा यांतील बरेचसे उपाय रोगाच्या खऱ्या कारणापर्यंत पोहोचणारे नव्हते.

सैनिक बूट घालून स्वयंपाकघरात व देवघरात शिरतात, काखेत वा जांघेत गाठ आहे काय हे पाहण्यासाठी स्त्रियांची परपुरुषांकडून, प्रसंगी उघड्यावर तपासणी होते, अशा तक्रारी नागरिकांनी केल्या. या मोहिमेत ब्रिटिश सैनिकांप्रमाणे देशी सैनिकही होते, हे येथे नमूद केले पाहिजे. झडती घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची वृत्ती वंशवादी होती, असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे.

अज्ञानाची उपपत्ती

हे सारे लोकरीतीच्या अज्ञानातून घडले, असे म्हणता येईल काय? पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाले होते. त्यात येथील जातींचे आहार, पोशाख, संस्कार, सोवळे-ओवळे यांचे तपशीलवार वर्णन आहे. रँड यांनाही महाराष्ट्राच्या ग्रामीण व नागरी जीवनाचा प्रशासकीय अनुभव होता. याहून बोलके उदाहरण मुंबईचे आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक सर जेम्स कॅम्बेल हेच १८९७-९८ मध्ये मुंबईच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत, ९ मार्च १८९८ रोजी, जुलाह्यांच्या वस्तीतील एका आजारी मुलीच्या तपासणीच्या प्रयत्नातून मुंबईत दंगल उसळली. शासनापाशी माहिती भरपूर होती. त्या माहितीतील माणसांच्या दुःखाला निर्णयात स्थान नव्हते.

तक्रार आणि तिचे उत्तर

असंवेदनशीलता व वंशवाद यांतील दुवा, आमच्या मते, मूळ कृतीपेक्षा तक्रारीला मिळालेल्या उत्तरात अधिक स्पष्ट दिसतो. चूक अजाणता घडली असेल, तर दुखावलेल्याचे म्हणणे ऐकून ती सुधारता येते. पुण्यात काय घडले? त्या वेळी इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे स्त्रियांवरील अत्याचारांचा आरोप तेथील वृत्तपत्रातून केला. परत आल्यावर पुराव्यासाठी कोणी पुढे येईना, म्हणून त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. अब्रूच्या भयाने स्त्रिया बोलू शकत नव्हत्या, आणि त्यांचे मौन हाच आरोप खोटा असल्याचा पुरावा ठरला. पंडिता रमाबाईंनी विलगीकरण छावणीतील मुलीच्या हालांविषयी लिहिले, तेही सरकारने नाकारले.

२२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर पुण्यावर जादा पोलीस बसवून खर्च रहिवाशांवर लादण्यात आला. नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली चौकशीविना स्थानबद्ध केले गेले. लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीमध्ये सहा युरोपीय व तीन भारतीय होते. सहाही युरोपीयांनी त्यांना दोषी ठरविले, तिन्ही भारतीयांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांची झाली. कोणाचा शब्द विश्वासार्ह मानायचा, हे वंशानुसार कसे ठरत होते, याचे हे लख्ख उदाहरण होय.

दुसरी बाजू

तथापि, या इतिहासाचे एकांगी वाचन टाळावयास हवे. सार्वजनिक रुग्णालयास झालेल्या विरोधात जातिभेदाचाही वाटा होता. ‘संस्कृती’च्या नावाने मांडलेल्या काही तक्रारी वस्तुतः उच्चवर्णीयांच्या सोवळ्याच्या होत्या. याच काळात सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलास तेथे स्वतः नेत असता सावित्रीबाईंना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी, म्हणजे लष्करी झडती सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, त्यांचे निधन झाले. रोग्यास वस्तीतून हलविणे येथेही होतेच. फरक रोग्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा होता.

पुढे दंगली व विरोध यांमुळे सरकारने सक्ती सैल केली आणि निरनिराळ्या जातींच्या खाजगी रुग्णालयांना वाव दिला. शासन अशा रीतीने ‘संवेदनशील’ झाले, पण राज्यकर्ता व प्रजा यांतील वांशिक उतरंड कायम राहिली. जातींची उतरंडही त्या सवलतींत सुरक्षितच राहिली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सांस्कृतिक असंवेदनशीलता ही नेहमीच वंशवाद नसते. परंतु दुखावलेल्याचे म्हणणे त्याच्या जन्मामुळे अविश्वसनीय ठरू लागते, तेव्हा तिला वंशवादाचे रूप येते. तसेच, केवळ चालीरीतींचा मान राखल्याने वंशवाद संपत नाही. वर्गात १८९७ चा इतिहास शिकविताना आपण बहुधा झडतीवरून थेट गणेशखिंडीतील गोळ्यांकडे वळतो. या दोहोंच्या मधल्या तीन महिन्यांत केलेल्या आणि न ऐकल्या गेलेल्या तक्रारींपाशी अध्यापकांनी काही काळ थांबावे, असे सुचवावेसे वाटते. आपल्याच महाविद्यालयात परप्रांतातून वा निराळ्या समाजातून आलेला विद्यार्थी तक्रार घेऊन येतो, तेव्हा तिची शहानिशा आपण कोणत्या गृहीतकाने सुरू करतो, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहील.