बहुचल प्रचरण विश्लेषण
बहुचल प्रचरण विश्लेषण किंवा 'मॅनोव्हा' ही अनेक चलांच्या सरासरींवरून गटांची एकत्रित तुलना करणारी संख्याशास्त्रीय पद्धत होय. सॅम्युएल विल्क्स यांनी १९३२ मध्ये मांडलेला लॅम्डा हा तिचा प्रसिद्ध निकष. तो शून्याच्या जितका जवळ, तितका गटांतील फरक ठळक. आयरिस या फुलझाडाच्या तीन जातींची प्रत्येकी ५० फुले व प्रत्येक फुलाची चार मापे, ही रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये वापरलेली सामग्री उदाहरणादाखल नेहमी घेतली जाते. चार परस्परनिरपेक्ष मापांची ५ टक्के पातळीवर वेगवेगळी चाचणी केल्यास, मुळात फरक नसतानाही निदान एकदा तो भासण्याची संभाव्यता सुमारे १९ टक्के होते. शिवाय पाकळीची लांबी व रुंदी यांतील सहसंबंध नजरेआड होतो, ते वेगळेच. मॅनोव्हा मापे एकत्र तपासते. मात्र फरक नेमका कोणत्या मापात किंवा जातीत आहे, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढील चाचण्या कराव्या लागतात.