पडद्यावरचे ठग आणि वऱ्हाडची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून नागपूर, जबलपूर या वाटेने गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. अमरावतीहून हे अंतर सुमारे आठशे किलोमीटर होते. कापूस वर गेला की त्याचा पैसा खाली येई, कधी हुंडीच्या रूपात, तर कधी वाहकांच्या अंगावर लपवलेल्या रोकडीत. ठगांचे सावज नेमके या वाटेवर असे. सावकारांचे रोकड-वाहक, व्यापारी, रजेवर गावी निघालेले आणि पगाराची पुंजी जवळ बाळगणारे शिपाई ही त्यातली ठळक माणसे. साक्षीदारांच्या जबान्यांप्रमाणे ठग ज्या विंध्यवासिनीला लुटीचा वाटा अर्पण करत, तिचे देऊळ मिर्झापूरपासून काही किलोमीटरवरच आहे. ठगांवर निघालेल्या रहस्यपटांत हा व्यापार आणि ही वाट जवळजवळ कुठेच दिसत नाही. त्यांतल्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

त्या काळी वऱ्हाडात शांतता अशी नव्हतीच. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील आडगावला इंग्रजांकडून नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि त्याच महिन्यातल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. त्याआधी अनेक वर्षे इथे निजाम आणि भोसले या दोघांचीही वसुली चाले. तिला दोअमली म्हणत. पुढे पेंढाऱ्यांचा उपद्रव वाढला आणि श्रीमंत व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजाम सरकारने १८०७ मध्ये अमरावतीभोवती परकोट बांधायला घेतला. त्याचे पाच दरवाजे आणि चार खिडक्या आजही शहराच्या बोलण्यात आहेत.

पेंढारी घोड्यांवरून उघड येत, गाव लुटून निघून जात. त्यांच्यापुढे भिंतीचा उपयोग होता. ठगाला भिंतीची अडचणच नव्हती. तो सभ्य सहप्रवासी म्हणून वाटेत भेटे, चार-चार मुक्काम सोबत करी, एकत्र चुली पेटत. मग ठरलेल्या जागी, तंबाखू किंवा पान मागण्यासारख्या साध्या शब्दाची खूण होताच रुमालाचा फास पडे. माणसाला बोलण्यात गुंतवणारा, गळा आवळणारा, हात धरणारा आणि खड्डा खणणारा अशी कामे वेगवेगळ्या माणसांची असत. सिनेमाने ठगाला पेंढाऱ्याचा घोडा दिला, मांत्रिकाचा अवतार दिला आणि त्याचे ओळखू न येणे तेवढे काढून टाकले. त्याचा सगळा धंदा त्याच एका गोष्टीवर उभा होता.

१९३९ च्या ‘गंगा दीन’मध्ये ठग थेट वायव्य सरहद्दीवर सैन्यासारखे लढतात. टेरेन्स फिशरच्या ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ (१९५९) या चित्रपटाच्या नावातच मुंबई आहे, पण ठगांविरुद्धच्या मोहिमेचे केंद्र जबलपूर-सागरचा प्रदेश होता. त्यातले डोळे जाळण्याचे आणि जिभा छाटण्याचे प्रसंग प्रेक्षकाला घाबरवण्यासाठी आहेत; गुपचूप मारून पुरणाऱ्यांच्या पद्धतीत ते बसत नाहीत. ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ (१९८४) घडतो १९३५ मध्ये, म्हणजे ठगांचा बंदोबस्त होऊन सुमारे शतक उलटल्यावर. अमरीश पुरींचा मोलाराम जिवंत माणसाचे काळीज उपसतो, त्याला ठगांच्या इतिहासात काडीचाही आधार नाही. २०१८ च्या ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’मध्ये नाव ठगांचे आहे आणि गोष्ट गलबतांवरच्या बंडखोरांची.

या सगळ्यांत इतिहासाच्या जवळ जायचा दावा ‘द डिसीव्हर्स’चा (१९८८) आहे. जॉन मास्टर्सच्या १९५२ च्या कादंबरीवरचा हा चित्रपट निकोलस मायरने दिग्दर्शित केला. पियर्स ब्रॉस्ननने रंगवलेला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी १८२५ मध्ये वेष पालटून ठगांत मिसळतो आणि सारे डोळ्यांनी पाहतो. चित्रपटातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. ज्याच्या कामावरून हे पात्र सुचले त्या विल्यम स्लीमनने ठगांना कामावर असताना पाहिले नव्हते. १८२२ पासून तो नरसिंहपूरचा अधिकारी होता, आणि त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती. तेव्हा आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, हे त्यानेच पुढे लिहून ठेवले. तपास सुटला तो माफीच्या साक्षीदारांमुळे. १८३० च्या अखेरीस पकडलेल्या फिरंगिया या म्होरक्याने स्लीमनचा तंबू ठोकला होता त्याच आमराईतली पुरलेली प्रेते उकरून दाखवली. मग जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या, ठग घराण्यांच्या वंशावळी मांडल्या गेल्या, पुरण्याच्या जागांचे नकाशे झाले. या कागदी कामात थरार नाही, म्हणून पडद्याने ते टाळले असावे.

सिनेमात हद्दीचा प्रश्नही कधी येत नाही. ठग एका राज्यात खून करून दुसऱ्या राज्यात जात. वऱ्हाड तर निजामाचा मुलूख. तिथल्या मोहिमेचे काम हैदराबादहून कॅप्टन रेनॉल्ड्सकडे होते. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने ही अडचण अजब रीतीने सोडवली: कंपनीच्या हद्दीत असो वा बाहेर, कायद्याआधी असो वा नंतर, ठगांच्या टोळीत असणे सिद्ध झाले की जन्मठेप. एखादा विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरजच राहिली नाही. त्याआधीच, १८२६ ते १८३५ या काळात, १,५६२ जणांवर खटले चालून ३८२ जणांना फाशीची शिक्षा झाली होती.

इतिहासकारांचे न सुटलेले प्रश्न याच पुराव्यातून निघतात. जबानी देणाऱ्याचा जीव त्या जबानीवर अवलंबून होता, आणि प्रश्न विचारणाऱ्याला ठगी हा पिढीजात धर्मपंथ आहे असे आधीच वाटत होते. टोळ्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही होते व दोघेही भवानीला मानत. याला पंथ म्हणायचे की त्या काळच्या दरोडेखोर, शिपाई, व्यापारी अशा अनेकांची सर्वसाधारण रीत? हिरालाल गुप्तांनी १९५९ मध्ये स्लीमनच्या चित्रावर शंका घेतली. किम वॅगनर यांच्या २००७ च्या पुस्तकाने बेकार शिपाई आणि टोळ्यांना आसरा देणारे जमीनदार यांच्याकडे लक्ष वेधले. बळींचा आकडाही असाच घसरडा आहे. बेहराम या ठगाच्या नावावर ९३१ खून सर्रास सांगितले जातात. त्याची स्वतःची जबानी मात्र सुमारे १२५ माणसे आपल्या हाताने मारल्याची आणि आणखी दीडशे मरताना पाहिल्याची आहे.

पडद्यावरच्या ठगाचा साहित्यातला पूर्वज निजामाच्या नोकरीतल्या फिलिप मेडोज टेलरने घडवला. १८३९ च्या त्याच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा नायक अमीर अली एका गोऱ्या साहेबासमोर आपले आयुष्य सांगतो. कथानकात उमरखेडसारखी वऱ्हाडातली गावे येतात आणि अमीर अली काही काळ पेंढाऱ्यांतही वावरतो. दोन धंद्यांची सरमिसळ इथे आहे, पण टेलरला त्यांतला फरक माहीत होता. पुढच्या पटकथाकारांनी तो ठेवला नाही.

१८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली आणि वऱ्हाडच्या कापसाने मुंबईची वाट धरली. ठगी व डकैती खाते १९०४ मध्ये बंद झाले. भारतीय दंड संहितेतील ठगाची व्याख्या करणारे ३१० वे कलम मात्र टिकून राहिले; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते घेतलेले नाही.